‘माझ्यासंगं कोणी कुस्ती धरतच नाही’: तालमीतली जोड वारंवार का तुटते आणि काय करायचं

पावसाळ्यात जत्रांची मैदानं बंद होतात, तालमीत गर्दी वाढते, आणि पंधरवडा उलटला की ही तक्रार येतेच. कधी पोरगा स्वतः येतो, कधी त्याचे वडील. "वस्ताद जोड लावून देतात, चार दिवस बरं चालतं, पाचव्या दिवशी तो दुसऱ्यासमोर उभा असतो." यंदाचा पोरगा १७ वर्षांचा, ६५ किलोचा. अंगात रग भरपूर, दमही चांगला. दोन महिन्यांत तिसरी जोड तुटली होती आणि त्याने कारणही ठरवून टाकलं होतं: "सगळे मला घाबरतात."

घाबरत होते, यात खोटं नाही. पण त्याच्या कुस्तीला घाबरत होते असं काही दिसलं नाही.

मी स्वतः जिल्ह्यापुढे गेलेलो नाही. संध्याकाळी गावच्या तालमीत वस्तादांच्या हाताखाली धाकट्या पोरांकडे बघतो. एक मातीचा हौदा आणि शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये मॅट, एवढाच पसारा. वीसेक वर्षांत ही तक्रार इतक्यांदा ऐकली की ती सोडवायची एक वाट पडून गेली आहे, ती इथे लिहितो. जूडो-कराटेवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. उदाहरणं मात्र कुस्तीची देतो, कारण मला तीच येते.

हे उपाय लोक आधी करतात, आणि ते चालत नाहीत

पहिला: जोड बदलून मागणं. तुमच्या वागण्यात खोट असेल तर ती तुमच्याबरोबर नव्या जोडीदाराकडेही जाते. फक्त चार दिवस उशिरा कळते.

दुसरा: आपल्यापेक्षा पंधरा किलोने जड गड्याशी धरणं, "तो तरी घाबरणार नाही" म्हणून. तो घाबरत नाही खरा, पण त्याच्या अंगाखाली तुम्ही फक्त तग धरायला शिकता. डाव टाकायची संधीच मिळत नाही.

तिसरा, सगळ्यात वाईट: वस्तादांकडून सक्ती करवणं. जोडीदार येतो, हात देतो, पहिल्या झटक्याला पडतो, उठतो, परत पडतो. मग हाच पोरगा येऊन सांगतो की "नवा जोडीदार नुसता पोतं आहे." ते पोतं कोणी केलं?

आधी बघा, मग बोला

तिसऱ्या कुणाच्या तरी हातात मोबाइल द्या आणि तीन मिनिटांची लढत चित्रित करून घ्या. घरी जाऊन आवाज बंद करून बघा. बघताना स्वतःकडे अजिबात बघायचं नाही, फक्त समोरच्याकडे. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, नजर सारखी आपल्याच डावाकडे वळते.

पडताना त्याचा हात कुठे जातो? मॅटवर ताठ टेकतो का? तुम्ही पकड घ्यायच्या आधीच तो तोंड फिरवतो का? उठल्यावर परत हात द्यायला किती वेळ लावतो? भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो का?

आमच्या पोराच्या चित्रीकरणात जोडीदाराने तीन मिनिटांत पाच वेळा बुटाची नाडी बांधली. नाडी एकदाही सुटलेली नव्हती.

यानंतर दोघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारायचा: "आज तुम्ही काय करत होता?" आमचा पोरगा म्हणाला, "लढत." जोडीदार म्हणाला, "पट घोटत होतो." पट म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायचा डाव; एकच पाय धरला की एकेरी पट. इथेच सापडतं बहुतेक वेळा. मी पाहिलेल्या तुटलेल्या जोड्यांपैकी निम्म्याहून जास्त याच जागी तुटल्या. स्वभाव, भांडण, वजन हे सगळं त्यानंतरचं.

एका शब्दाखाली तीन कामं

तालमीत सगळ्यालाच सराव म्हणतात. त्यात तीन वेगळी कामं आहेत.

डाव घोटणं म्हणजे एकाने डाव करायचा, दुसऱ्याने घ्यायचा. दहा वेळा, वीस वेळा. घेणाऱ्याने आपलं खरं वजन आणि खरा तोल द्यायचा, लढायचं नाही.

अटीची लढत म्हणजे सुरुवातच ठरवून घ्यायची. एकाच्या हातात दुसऱ्याचा पाय आधीच दिलेला. एकाने पाडायचं, दुसऱ्याने पाय सोडवायचा. तीस सेकंद, मग परत पहिल्यापासून. किंवा नुसता एकेरी पट चालेल, बाकी काही नाही.

आणि खुली लढत. तीन मिनिटं, तीस सेकंद विश्रांती, परत तीन मिनिटं, स्पर्धेत असते तशी.

एकाच्या डोक्यात पहिलं आणि दुसऱ्याच्या डोक्यात तिसरं चालू असलं की संध्याकाळ बिघडलीच. घोटणारा बेसावध असतो, कारण समोरचा आपल्याला करू देणार अशी त्याची समजूत असते. लढणाऱ्याला वाटतं आपण जिंकतोय. उजव्या पायावर पट येणार हे ठाऊक असताना पाय मागे ओढून पट हुकवायचा आणि वर हसायचं, ही हातात उत्तरं घेऊन दिलेली परीक्षा झाली. आमच्या पोराची निम्मी "विजयी" मिनिटं असलीच होती.

यावरचा उपाय पाच सेकंदांचा आहे आणि पोरांना त्याचीच लाज वाटते. हात देण्याआधी दोन गोष्टी मोठ्याने बोलायच्या: काय करायचं आणि किती जोराने. "उजव्या पायावर एकेरी पट, दहा-दहा. मी आठ आण्यांनी अडवतो." एवढंच. (आणे म्हणजे जोराचं माप, ते पुढे सांगतो.) बोलणं म्हणजे कच्चेपणा असं ज्याला वाटतं त्याला मी मैदानाची आठवण देतो. जत्रेतसुद्धा कुस्ती निकाली की गुणांवर, किती मिनिटांची, हे हात मिळवण्याआधी जाहीर होतं. तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही.

आणे

"निम्म्या ताकदीने" असं सांगून काही होत नाही. तापट पोराचं निम्मं आणि शांत पोराचं निम्मं यात बैल आणि शेळीइतका फरक असतो. म्हणून आमच्याकडे आण्यांचा हिशोब आहे. हल्लीच्या पोरांनी चार आण्यांचं नाणं बघितलेलं नाही, २०११ मध्ये ते चलनातूनच गेलं, तरी हिशोब मात्र सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळतो.

चार आणे: उभं राहायचं, तोल स्वतःचा सांभाळायचा, हातापायी करायची नाही. पहिल्यांदा डाव शिकणाऱ्याला हेच द्यायचं.

आठ आणे: इथे खरी कारागिरी आहे. डाव बरोबर बसला तर पडायचं, चुकला तर उभं राहायचं. एकेरी पटाचंच घ्या. पाय धरणाऱ्याचं डोकं वर आणि आतल्या बाजूला, तुमच्या बरगडीला टेकलेलं पाहिजे. छाती मांडीला चिकटलेली पाहिजे. डोकं खाली गेलं असेल तर तळहाताने त्याच्या मानेवर हलकं वजन टाका. चिरडू नका, नुसतं कळू द्या. त्याला काही सांगावं लागत नाही, तिसऱ्या वेळी डोकं आपोआप वर येतं. डोकं खाली असतानाही तुम्ही भला माणूस म्हणून पडून दिलंत, तर त्याच्या अंगात चूक पक्की बसते. ती पहिल्या मैदानात समोरच्याला सापडते, आणि तुम्ही तेव्हा प्रेक्षकांत बसलेले असता. नरम जोडीदारही आडदांड जोडीदाराइतकंच नुकसान करतो, फक्त ते उशिरा दिसतं.

बारा आणे: सगळं खरं, पण शेवटचा झटका राखून. उचललेल्या माणसाला आपटायचं नाही, खाली ठेवायचं. मानेवर पडेल असं काही करायचं नाही.

सोळा आणे म्हणजे खुली लढत. आठवड्यातून किती वेळा ते वस्ताद ठरवतील. रोज सोळा आणे मागणाऱ्या पोराकडे बहुतेक वेळा दोनच डाव असतात, तिसरा शिकायला हरावं लागतं आणि त्याला ते नको असतं. आमचा पोरगा याच गटातला.

पडणाऱ्याला नाव नाही

आपल्याकडे डावांना काय एकेक नावं आहेत: ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, भारंदाज, आकडी, धोबीपछाड. डाव मारणाऱ्याची वाहवा होते. सरावात तो डाव अंगावर घेणाऱ्याला आमच्या तालमीत साधं नावही नाही, मग ते काम शिकवणार कोण?

जूडोवाल्यांनी हे आधीच ओळखलं. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केलं. तिथे फेकणारा तो तोरी आणि फेकला जाणारा तो उके. नव्या विद्यार्थ्याला फेकायच्या आधी उकेमी, म्हणजे पडायचं कसं, ते शिकवतात. कानोंच्या तत्त्वांपैकी एक आहे जिता क्योएई: आपलं आणि समोरच्याचं, दोघांचं मिळून भलं. आमच्या वस्तादांनी हा शब्द कधी ऐकला नसेल, पण दोन पोरं एकत्र वाढतात हे ते जाणून आहेत. एकाच्या अंगाला कस लागला की दुसऱ्याच्याही लागतो.

मातीत पडायला वेगळं शिकवावं लागत नसे. रोज उकरलेली, तेल-ताक-हळद घातलेली माती बरंच पोटात घालते. मॅटवर, तीही सिमेंटच्या फरशीवर अंथरलेली असेल तर, तसं नाही. मातीतल्या माणसाला मॅट किती परकी असते ते खाशाबा जाधवांपासून दिसतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते मातीची सवय घेऊन, आणि तिथे सहावे आले. मधल्या चार वर्षांत तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्य आणलं. आपल्या तालमीत मॅट येऊन चार-दोन वर्षंच झाली असतील तर पडण्याचा सराव वेगळा करून घ्या.

पडणाऱ्यासाठी: हनुवटी छातीला. श्वास सोडत पडायचं. आणि ताठ हात टेकून पडणं अडवायचं नाही. कोपर निखळतं ते बहुतेक असंच. चित्रीकरणात जोडीदाराचा हात ताठ टेकताना दिसला तर दोन अर्थ निघतात: त्याला पडायला शिकवलेलं नाही, किंवा तुमच्या हातून पडायची त्याला खात्री वाटत नाही.

पाडणाऱ्यासाठी: हात सोडू नका. ढाकेवर माणूस गेला की त्याचा धरलेला हात वर ओढून ठेवा, म्हणजे तो पाठीवर सपाट येतो. आणि तुम्ही त्याच्या बरगड्यांवर जाऊन पडू नका. घोटताना तर मुळीच नाही.

"सोड" म्हणजे आत्ता

आता माझं सांगतो. एकोणीस वर्षांचा होतो. जोडीदाराच्या पायात आकडी घातली होती, तो "थांब" म्हणाला, मला ऐकू आलं, आणि मी डाव पुरा केला. ऐकू आलं नाही असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. त्याचा पाय मॅटवर चिकटून राहिला, अंग वळलं, गुडघा गेला. त्या हंगामात तो एकाही मैदानात उतरला नाही. मी महिनाभर त्याच्या घरी रोज एक लिटर दूध नेऊन देत होतो. त्याची आई दूध घ्यायची, भांडं धुऊन परत द्यायची, बोलायची नाही.

मॅटवर बुटाचा तळवा पकड घेतो, म्हणून पाय अडकून अंग फिरलं की ताण गुडघ्यावर येतो. तेव्हा "सोड" किंवा दोन थापा आल्या की जिथे असाल तिथे हात उघडायचे. डाव संपवून नाही. अंगावर, मॅटवर, कुठेही मारलेल्या थापा चालतील असं आधीच ठरवा, कारण मान दाबलेली असताना माणसाला बोलता येत नाही. आणि तुम्हालाच कुठे कळ आली तर वेळेत थाप मारा. दात आवळून बसणारा जोडीदारही धोक्याचा, त्याच्याबरोबर आपण कुठे थांबायचं ते कळतच नाही.

डोकं आपटलं, आणि नंतर गरगरतंय, उलटी होतेय, किंवा तो तोच प्रश्न परत परत विचारतोय, तर त्या दिवशी सराव बंद. पाणी मारून उभं करायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं.

जड, हलका, आणि मुलगी

आठ-दहा किलोंचा फरक तालमीत टळत नाही. अशा वेळी जडाने वाईट जागेवरून सुरुवात करावी: एक पाय दिलेला, किंवा खाली बसून पाठ दिलेली. वजन टाकून दाबून ठेवणं हा डाव म्हणून मोजायचा नाही. जड माणसालाही यात फायदा आहे, खालून सुटायचं कसं ते त्याला एरवी कोणी शिकू देत नाही.

२०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हापासून आमच्यासारख्या लहान गावातही मुली विचारायला येतात. एका तालमीत एकच मुलगी असली की तिची जोड बहुतेक मुलगाच असतो. मग तो एकतर संकोचाने लाकूड होतो, नाहीतर मुलीकडून हरलो असं कोणी म्हणू नये म्हणून सोळा आणे काढतो. दोन्हीत तिचा सराव वाया. कोणत्या पकडी घोटायच्या आणि कोणत्या नकोत हे तिने सांगायचं, मोठं माणूस मॅटवर हजर पाहिजे, आणि आण्यांचा हिशोब जसाच्या तसा.

न बोलता सोडून जाण्याची कारणं

जोडीदार कधीकधी खरं कारण तोंडावर सांगतच नाही, कारण ते सांगायला लाजिरवाणं असतं. नखं वाढलेली. आठवडाभर न धुतलेला लंगोट. अंगावर गजकर्ण.

गजकर्णाचं जरा सविस्तर सांगतो, कारण एका पोरापासून अख्खी तालीम खाजवत बसते. ते कातडीला कातडी लागून पसरतं, टॉवेलवरून आणि मॅटवरूनही पसरतं. औषधाच्या दुकानातून खाज थांबवणारं मलम आणून लावलं जातं. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली दबते, खाज थांबते, आणि आतून ते वाढत राहतं. मग महिनोन्महिने जात नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ते सांगतील तेवढे दिवस अंगाला अंग लावू नका. त्या काळात सपाट्या, बैठका, दोर सगळं चालतं. सराव संपल्यावर लगेच अंघोळ, टॉवेल ज्याचा त्याचा, मॅट रोज जंतुनाशकाने पुसायची.

कान हे दुसरं. घासून घासून किंवा मार लागून कानाच्या कूर्चेवर रक्त साकळतं, कान फुगतो. डॉक्टरने लवकर ते काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो, नाहीतर कायमचा गोळा होतो. फुटलेला कान ही पैलवानाची खूण आहे, माझाही डावा तसाच आहे. पण शाळकरी पोराचा कान पट घोटताना डोक्याने रगडून फोडण्यात काही पुरुषार्थ नाही.

आणखी एक जात आहे, मास्तर जोडीदार. प्रत्येक डावानंतर थांबवून समजावतो. दहा वेळा होऊ द्या, मग एक गोष्ट सांगा. एकच.

आमच्या पोराचं काय झालं

त्याला मी जोड दिलीच नाही. पहिला आठवडा त्याने फक्त पडायचं, आठ आण्यांनी, जो येईल त्याच्याकडून. दोन दिवस तोंड फुगलेलं होतं. तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला, "पोराला पाडायलाच ठेवलंय काय?" हो म्हटलं, ठेवलंय.

चौथ्या दिवशी मेहनत झाल्यावर तो पाणी पिताना सहज बोलला, "त्याचा पट लागत नाही, कारण डावा पाय मागेच राहतोय त्याचा." ज्याच्याबद्दल बोलत होता तो त्याचाच तिसरा, तुटलेला जोडीदार. दोन महिने रोज समोर उभा असून हे त्याला दिसलं नव्हतं. मी म्हटलं, मला काय सांगतोस, त्याला सांग. गेला. मान खाली घालून काहीतरी बोलला, बहुतेक माफी वगैरे नसावी. पण दोघे मॅटच्या कोपऱ्यात पायाची जागा दाखवत दहा मिनिटं उभे होते.

पंधरा दिवसांनी परत तीन मिनिटं चित्रित केली. हात देण्याआधी दोघांचे ओठ हललेले दिसतात, म्हणजे बोलले. जोडीदार दोनदा पडला, दोनदा पडला नाही, एकदा त्यानेच उलटवला. नाडी एकदाच बांधली. तेव्हा ती खरंच सुटली होती.